वीस वर्षं साध्या लेथवर काढली, आता सीएनसी जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, आयटीआयचे टर्नर, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत वीस वर्षं साध्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या, हाताने चालवायच्या मशीनवर. मालकांनी आता सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं लेथ मशीन आणलंय आणि तीन महिन्यांत शिका म्हणतात. बाजूची बाविशीतली पोरं आठवड्यात मशीन चालवायला लागली. तर या वयात नवीन काही डोक्यात शिरतं का? आणि कुठल्याही कामात पारंगत व्हायला दहा हजार तास लागतात म्हणे, ते आता आणायचे कुठून?

मी आधी टूलरूममध्ये होतो, नंतर बरीच वर्षं टर्नर आणि मशीनिस्टच्या मुलांना शिकवलं. तुमच्याच वयाची, साध्या लेथवरून सीएनसीवर आलेली माणसंही हाताखालून गेली. जमतं का, याचं उत्तर हो. पण कसं जमतं आणि कुठे अडतं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण अडायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यांचा वयाशी फारसा संबंध नाही.

आधी त्या आठवड्यात शिकलेल्या पोरांचं बघू. ती नेमकं काय शिकली? सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब (कापायचा तुकडा) काढायचा, पुसायचा, पुढचा लावायचा, सांगितलेल्या नगाला गेज लावून बघायचं, आणि मशीन अलार्म देऊन थांबलं की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला हाक मारायची. हे आठवड्यात येतं. तुम्हालाही येईल. आता त्यांना विचारा की इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याची) कड बदलल्यावर माप कुठल्या बाजूला सरकेल, टेपर का येतोय, म्हणजे जॉब एका टोकाला निमुळता का होतोय, जॉ (जॉब पकडणारे जबडे) पुन्हा बोअर करायची वेळ झाली का. वर्षभर मशीनवर उभी असलेली पोरंही इथे एकमेकांची तोंडं बघतात. तुम्ही स्वतःची तुलना करताय ती त्यांच्या बोटांच्या वेगाशी. मोबाईलवर वाढलेली बोटं आहेत, मेनूत शिरायला घाबरत नाहीत. एवढाच फरक आहे आणि तो लवकर भरून निघतो.

दहा हजार तासांचं एकदाच निकालात काढू. हा आकडा आला बर्लिनच्या एका संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या गटातल्या मुलांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरत होता. सरासरी! त्याच गटातल्या बऱ्याच जणांचा त्याहून कमी होता. २००८ मध्ये एका खपाच्या पुस्तकाने या सरासरीचा नियम करून टाकला, आणि खुद्द एरिक्सनने त्यावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं होतं की नुसते तास मोजून काही होत नाही, त्या तासांत काय केलं ते बघा. शिवाय व्हायोलिनवाल्याला पाचव्या वर्षापासून वाजवणाऱ्यांशी टक्कर द्यायची असते. तुमची टक्कर ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाशी आहे. ते काल होतं तेच आज आहे.

याच एरिक्सनचा एक जुना प्रयोग तुमच्या जास्त कामाचा आहे. १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतला एक कॉलेजचा विद्यार्थी, स्मरणशक्ती चारचौघांसारखी. त्याला सेकंदाला एक या वेगाने आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते ओळीने परत म्हणायचे. सुरुवातीला त्याला सात आकडे जमत. सुमारे वीस महिने, सगळे मिळून दोनशे तीस तासांच्या आसपास सराव झाल्यावर तो ऐंशीच्या घरात पोहोचला. कसा? गडी धावपटू होता. ३४९२ ऐकलं की त्याच्या लेखी ते चार आकडे उरायचेच नाहीत. तीन मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे मैलाची जवळपास विश्वविक्रमी वेळ, असा तो एकच दाणा व्हायचा. नवीन गोष्ट त्याने आधीपासून अंगात मुरलेल्या गोष्टीवर टांगली. पण त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तेव्हा तो धाडकन सहा-सातवर आला. म्हणजे स्मरणशक्ती वाढली नव्हती, आकड्यांची एक युक्ती तेवढी पक्की झाली होती.

या प्रयोगातून दोन्ही बाजू घ्या. तुमच्याकडे टांगायला खुंट्या भरपूर आहेत, बाविशीच्या पोराकडे नाहीत. आणि साध्या लेथवर हात बसला म्हणून तो सीएनसीवर आपोआप बसेल, असंही नाही.

खुंट्या कोणत्या? आपल्या भागात काम बरंचसं कास्टिंगचं, म्हणजे ओतीव तुकड्यांचं. कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळूचे कण असतात, कातडी कडक असते, मध्येच एखादा हार्ड स्पॉट लागतो. पहिला कट त्या कातडीच्या खालून गेला पाहिजे, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. नवीन पोरगं घाबरून पहिला कट बारीक घेतं, कड सतत कातडीतच घासत राहते आणि चार-पाच नगांत इन्सर्ट जातो. मग तो म्हणतो, इन्सर्टच हलका आहे. तुम्ही प्रोग्रॅममधली डेप्थ ऑफ कटची, म्हणजे कटच्या खोलीची किंमत बघाल तेव्हा तुमच्यासाठी ती नुसती संख्या नसेल. कट कातडीच्या आत जातोय की वर घासतोय, हे तुम्हाला त्यात दिसेल. प्रोग्रॅम वाचणं असंच यायला हवं. जी-७१ म्हणजे रफिंग (जाड कट), जी-७० म्हणजे फिनिशिंग (शेवटचा बारीक कट), जी-७६ म्हणजे आटे. आज तुम्हाला चाळीस ओळी दिसतात. पण त्या चाळीस ओळींत काम तेच आहे जे तुम्ही वीस वर्षं करताय: फेस मार, रफ काढ, फिनिश घे, ग्रूव्ह, आटे, कापून टाक. साधा प्रोग्रॅम छापून घ्या आणि प्रत्येक तुकड्यापुढे पेन्सिलीने मराठीत लिहा, इथे हँडल कुणीकडे फिरवलं असतं. चार-पाच प्रोग्रॅम असे वाचलेत की अक्षरांची भीती जाते.

आता दुसरी बाजू, जिथे जुना हात दगा देतो. अडायच्या ठरलेल्या जागा म्हटलं त्या याच.

एक म्हणजे निळी चिप, कापताना निघणारा कीस. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलवर माइल्ड स्टील काढताना चिप निळी पडायला लागली की तुमचा हात आपोआप स्पीड कमी करायला जातो. बरोबरच आहे, कारण एचएसएस साधारण ६०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पण सीएनसीवरचा कार्बाइड इन्सर्ट त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतो, आणि तिथे चिप निळी पडणं म्हणजे उष्णता चिपबरोबर बाहेर चालली आहे, जॉबमध्ये राहत नाही. हिशेब करून बघा. ५० मिमी व्यासाचा बार, एचएसएसने मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड धरला तर आरपीएम येतो साधारण १९०. कोटेड कार्बाइडने २०० मीटर धरला तर सुमारे १२७०. हा आकडा स्क्रीनवर पहिल्यांदा बघून साध्या लेथवरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि तो ओव्हरराइडची (वेग कमी-जास्त करायची) नॉब खाली ओढतो. फिनिश बिघडतं, कडेवर मटेरियल चिकटायला लागतं, आणि तो म्हणतो, सीएनसीला फिनिश येत नाही.

दुसरी जागा व्यासाची. बऱ्याच साध्या लेथवर क्रॉस-स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) डायल त्रिज्येत चालतो. व्यास चार शतांश मिमी जास्त भरला की हात दोन शतांश आत घेतो. आपल्याकडच्या बहुतेक सीएनसी लेथवर एक्सचा ऑफसेट, म्हणजे टूल आत-बाहेर किती सरकवायचं तो आकडा, व्यासात असतो. जॉब ५०.०४ आला, हवाय ५०.००, तर उणे ०.०४ टाकायचं. जुना टर्नर हमखास उणे ०.०२ टाकतो, पुन्हा मोजतो, पुन्हा ०.०१ टाकतो, आणि त्याला वाटतं मशीनला प्ले (ढिलेपणा) आहे. मशीन ठीक असतं. निम्मं करायची वीस वर्षांची सवय बोटांत बसलेली असते. अशा ठिकाणी ‘लक्षात ठेवू’ म्हणून भागत नाही. स्क्रीनशेजारी पट्टी चिकटवा: पूर्ण फरक टाका, बाहेरचा व्यास मोठा आला तर उणे, बोअर (आतलं भोक) लहान आलं तर अधिक. लाजू नका. महिन्याभरात ती पट्टी वाचणं आपोआप बंद होतं.

तिसरी जागा हँडलची. तुमच्या हातात हँडल असतं तेव्हा टूल जॉबला टेकल्याचं मनगटाला कळतं. सीएनसीवर हात रिकामा असतो, आणि जुन्या माणसाला खरी भीती त्याचीच असते. कबूल कुणी करत नाही. यावर उपाय आहे. पहिले प्रोग्रॅम जॉब न लावता चालवा, वर्क ऑफसेट (जॉबचा शून्य धरायची जागा) चकपासून, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागापासून चांगला लांब सरकवून, म्हणजे टूल सगळ्या हालचाली हवेत करेल. मग सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (मोकळ्या हालचालीचा वेग) खाली ओढून, एक बोट फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटणावर) ठेवून. स्क्रीनवर ‘डिस्टन्स टू गो’ म्हणून रकाना असतो, टूलला अजून किती अंतर जायचंय ते दाखवतो. टूल जॉबजवळ आलं की होल्ड दाबा, डोळ्याने अंतर बघा आणि स्क्रीनवरचा आकडा वाचा. डोळा म्हणतोय तीन मिमी आणि स्क्रीन म्हणते पंचवीस, तर सायकल स्टार्टला हात लावू नका, ऑफसेट चुकलाय. हे अंतर नजरेने मोजायचं काम तुम्ही पोरांपेक्षा कितीतरी चांगलं कराल. मनगटाने जे कळायचं ते आता डोळ्याने कळून घ्यायचंय.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. मोजण्याआधी बोला.

जॉब निघाला की मायक्रोमीटर लावायच्या आधी आकडा तोंडाने म्हणा किंवा लिहून ठेवा: ४९.९९ येईल. मग मोजा. चुकलं तर का चुकलं ते शोधा. एवढं एक काम रोज केलं तर बाकी सगळं त्याच्यामागून येतं, आणि हे केलं नाही तर वीस वर्षंही काही शिकवत नाहीत. मी माणसं पाहिली आहेत, बारा-बारा वर्षं एकाच मशीनवर, आणि पहिल्या वर्षी जितकं कळत होतं तितकंच आजही कळतं. त्यांना बुद्धी कमी होती असं नाही. ते जॉब काढून ट्रेमध्ये टाकत होते, माप इन्स्पेक्शनवाला दुसऱ्या खोलीत घेत होता, रिजेक्शनचा कागद चार दिवसांनी सुपरवायझरकडे जात होता. हाताने केलं काय आणि झालं काय, यांची गाठच पडत नव्हती. हे कामगारांपुरतं नाही. डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षं आणि त्यांच्या कामाचा दर्जा यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांत वर्षं वाढली तसा दर्जा खालावलेला दिसला. आपण सांगितलेल्या इलाजाचं पुढे काय झालं हे जिथे कळत नाही, तिथे डिग्रीही कामाला येत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो. ५० मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स एच-सहा, म्हणजे ५०.००० ते ४९.९८४. सगळी मिळून १६ मायक्रॉनची जागा (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). जॉब निघाला, लगेच डिजिटल मायक्रोमीटर लावला, ४९.९९२ आला. बरोब्बर मधोमध. तुम्ही खूश. पण जॉब हाताला कोमट लागत होता. स्टील एका मीटरला एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. जॉब खोलीपेक्षा वीस अंश गरम असेल तर ५० मिमीवर तेवढीच, साडेअकरा मायक्रॉन वाढ होते. दुपारी इन्स्पेक्शनमध्ये तोच शाफ्ट ४९.९८० भरतो आणि लाल पेटीत जातो. अ‍ॅल्युमिनियम असेल तर फरक जवळजवळ दुप्पट.

इथे तीन माणसं तीन प्रकारे वागतात. एक म्हणतो, इन्स्पेक्शनवाल्याचा मायक्रोमीटर खराब आहे. दुसरा ऑफसेट चार मायक्रॉनने वाढवतो; पुढच्या वेळी कूलंट (कापताना गार ठेवणारं पाणी) जोरात असतो, जॉब गारच निघतो, आणि माप दुसऱ्या बाजूला सरकतं. तिसऱ्याने वहीत लिहिलेलं असतं: अंदाज ४९.९९२, लगेच मोजला ४९.९९२, तासाभराने ४९.९८०, जॉब कोमट. असे आठ-दहा नग लिहून झाले की त्याला हाताला लागणाऱ्या उबेवरून सांगता येतं, हा किती आटेल. चार वर्षांनी लोक म्हणतात, त्याच्या हातात जादू आहे. जादूबिदू काही नसते, वही असते. सकाळी मशीन गार असताना पहिल्या तासात माप कसं सरकतं, इन्सर्ट किती नगांनंतर किती झिजतो, हेही त्याच वहीत. खिशात मावेल अशी वही घ्या, रकाने चारच करा: अंदाज, माप, फरक, कारण. कारणाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. आठवड्याने तो भरायची उमज पडते.

आणि इन्स्पेक्शनवाल्याशी गोडी ठेवा. तुमच्या नगांची मापं त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला बघायला मिळायला हवीत. त्याला चहा पाजा, पण आकडे मिळवा.

सराव कसा लावायचा? इथे मालक आणि कामगार दोघंही एकच घोळ करतात, एक आठवडा सलग मशीनवर बसवतात आणि झालं म्हणतात. ब्रिटनच्या पोस्टाचा एक प्रयोग आहे, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला. पत्रांवरचे पोस्टकोड टाइप करून मशीनने छाननी करायची होती, म्हणून पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. चार गट केले. कुणाला दिवसाला एक तास, कुणाला दोन तास सलग, कुणाला एक-एक तास दोनदा, कुणाला दोन-दोन तास दोनदा. दिवसाला एकच तास करणाऱ्यांना कीबोर्ड शिकायला एकूण तास सर्वांत कमी लागले. चार तास करणाऱ्यांना सर्वांत जास्त. गंमत म्हणजे सर्वांत नाराज होते ते एक तासवालेच, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना वाटत होतं की आपण मागे पडलो. तुम्हालाही तसंच वाटणार. रोज एक तास, मन लावून, बारा आठवडे. हे सलग सात दिवस राबण्यापेक्षा पक्कं बसतं. रात्रपाळी संपवून सराव करू नका. त्या वेळी शिकलेलं सकाळी आठवत नाही आणि त्याच वेळी टूल चकला लागतं.

त्या एका तासात एकच काम वीसदा करू नका. ऑफसेट घेणं, जॉ बदलणं, छोटा बदल प्रोग्रॅममध्ये करणं, पुन्हा ऑफसेट, असं मिसळून करा. १९७९ मधल्या एका प्रयोगात हाताच्या हालचालींचे तीन क्रम शिकवले होते. एकेक क्रम सलग घटवणारे सरावाच्या वेळी पुढे दिसले, पण नंतर चाचणी घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. मिसळून करताना अडखळल्यासारखं होतं, प्रत्येक वेळी ‘आता काय होतं बरं’ म्हणून आठवावं लागतं. ते आठवणंच शिकणं आहे.

वयाबद्दल आता बोलतो. मुद्दाम इतक्या उशिरा बोलतोय.

हात आणि नजर थोडी मंदावते, हे खरं आहे. पण १९८४ मध्ये टिमोथी सॉल्टहाउस या संशोधकाने १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांचा अभ्यास केला. दिवा लागला की बटण दाबा, असल्या परीक्षेत वयस्कर मंडळी हळू होती. प्रत्यक्ष टायपिंगचा वेग मात्र वयानुसार कमी झाला नव्हता. कारण सापडलं ते असं, की जुने टायपिस्ट कागदावर पुढची अक्षरं जास्त लांबवर वाचत होते, बोटांना तयारीला वेळ मिळत होता. तुम्ही साध्या लेथवर हेच करता. कट संपायच्या आधीच तुमचा दुसरा हात पुढच्या हँडलवर गेलेला असतो. मेंदूचं म्हणाल, तर लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहराचे हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, त्यात तीन-चार वर्षं जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकाऊ चालकांच्या मेंदूची आधी आणि नंतर चित्रं घेतली होती. पास झालेल्यांच्या मेंदूतला जागा-रस्ते सांभाळणारा एक भाग वाढलेला दिसला, नापास झालेल्यांचा नाही. ही सगळी वयात आलेली, कामाधंद्याची माणसं होती.

बरं, एक गोष्ट वयाची खरंच आहे, आणि तिचा डोक्याशी संबंध नाही. चाळिशी. तुमच्या वयाची निम्मी माणसं ‘स्क्रीनवरचं डोक्यात शिरत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना स्क्रीनवरचं दिसत नसतं. व्हर्नियरच्या रेघा चुकतात, ३ आणि ८ मध्ये घोळ होतो. चष्मा असला तरी वाचायचा चष्मा साधारण फूट-सव्वा फुटाचा असतो, कंट्रोलची स्क्रीन दीड-दोन फुटांवर आणि डोळ्यांच्या उंचीला. दुभागी भिंगातून बघायला मान मागे टाकावी लागते, तासाभरात मानही दुखते आणि डोकंही. टेप घेऊन उभे राहा, डोळ्यापासून स्क्रीन किती लांब आहे ते मोजा आणि चष्मेवाल्याला तो आकडा सांगा. हे शिकण्याच्या युक्त्यांत कुणी धरत नाही, पण मी पहिल्या दिवशी हेच विचारतो.

पोरांना विचारायची लाज, हा शेवटचा अडसर. ती तुम्हाला मामा म्हणतात, आणि मामाने भाच्याला कसं विचारायचं! सौदा करा. तो तुम्हाला मेनू दाखवेल, तुम्ही त्याला आवाज दाखवा. बोअरिंग बार (भोक आतून कापायचं लांब टूल) थरथरायला लागला की फिनिशवर रेघा उमटायच्या आधी आवाज बदलतो. त्याला तो अजून ऐकू येत नाही, कारण मशीनचं दार बंद असतं आणि कानात हेडफोन असतो. ‘थांब, आता ऐक’ म्हणून त्याला नेमक्या क्षणी सांगा. मात्र ‘हाताला कळतं’ एवढ्यावर सोडू नका. कसबी माणसाला स्वतःचं कसब सांगता येत नाही, तो प्रत्येक धंद्यातला जुना रोग आहे. त्याने तुम्हाला ‘कसं करता?’ विचारलं तर तुम्ही काहीतरी पुस्तकी सांगाल. त्याला शिकवा असं विचारायला: मामा, आत्ता हात का थांबला? या प्रश्नाला उत्तर देताना तुम्हालाच कळेल की तुम्ही बार किती बाहेर काढलाय ते बघितलं होतं, कूलंट कुठे पडतोय ते बघितलं होतं. तुम्हीही त्याला तसंच विचारा: हे बटण आत्ता का दाबलंस? ‘असंच’ म्हणाला तर दोघांनी मिळून मॅन्युअल उघडा.

तीन महिन्यांचं म्हणाल तर माझा अंदाज असा. पहिल्या महिन्यात ऑपरेटिंग, ऑफसेट आणि हवेत चालवणं. दुसऱ्यात एका जातीच्या जॉबचं सेटिंग, म्हणजे एकाच धाटणीचे शाफ्ट किंवा एकाच धाटणीच्या बुश. तिसऱ्यात साध्या शाफ्टचा प्रोग्रॅम स्वतः लिहिणं. त्यानंतर ‘सेटर’ म्हणवून घ्यायला वर्ष तरी द्या, आणि कास्टिंग, स्टील, अ‍ॅल्युमिनियम अशी सगळी कामं हातून जाऊ द्या. तीन महिन्यांत सगळं येईल असं मालकांना वाटत असेल तर ते आत्ताच स्पष्ट करून घ्या. मग नंतर तुमच्यावर ढकललं जाणार नाही.

मालकांकडे क्लासची फी मागू नका, दुसऱ्या दोन गोष्टी मागा. पाळी बदलताना मशीन रोज तासभर तुमच्या ताब्यात, भंगारातल्या बारच्या तुकड्यांसकट. आणि झिजलेले इन्सर्ट फेकायच्या आधी तुमच्याकडे. इन्सर्ट कोणत्या जॉबचा, किती नगांनंतर काढला, हे चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा आणि भिंगाखाली कड बघा. बाजू सारखी घासलेली असेल तर आयुष्य सरून गेलाय. कटच्या खोलीच्या रेषेवर खाच पडली असेल तर बहुधा कास्टिंगच्या कातडीने खाल्लाय. टोकाचा टवका उडाला असेल तर जॉब हललाय, नाहीतर कट तुटक होता. मटेरियल चिकटलेलं असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी स्पीडची नॉब खाली ओढलेली असते. कड बघायच्या आधी अंदाज लिहायचा, हे तिथेही लागू.